सहावा दिवा

डॉ. वैजयंती पाटणकरांनी तीस वर्षांत हजारो माणसांना भूल देऊन झोपवलं होतं. पण केदार भंडारे गेल्यापासून त्यांची स्वतःची झोप उडाली ती उडालीच.

केदार हा मिरजेच्या त्या रुग्णालयात त्यांच्या हाताखालचा सगळ्यांत तरुण भूलतज्ज्ञ. २०२९च्या साथीत एका सकाळी कॅज्युअल्टीत एक माणूस आला. ओठ निळे, छाती भात्यासारखी हलतेय. घशातून श्वासनलिकेत नळी घालून त्याला मशीनवर घेतल्याशिवाय तो वाचणार नव्हता. संसर्गापासून वाचवणारा पूर्ण पोशाख चढवायला सहा-सात मिनिटं लागत. वैजयंतीबाईंचा एक पाय पोशाखात आणि दुसरा बाहेर होता, तेवढ्यात केदार साधा मास्क लावून दारात आला.

"मॅडम, तुमचं होईपर्यंत हा राहायचा नाही. मी करू?"

"कर," त्या म्हणाल्या.

केदारनं चाळीस सेकंदांत नळी घातली. नळी आत जाताना तो माणूस खोकला, एकदाच, पण केदारच्या थेट तोंडावर. माणूस वाचला. केदार सोळाव्या दिवशी गेला. शेवटी त्याला मशीनवर घ्यायची वेळ आली तेव्हा नळी वैजयंतीबाईंनीच घातली. पूर्ण पोशाख, दोन-दोन हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, चेहऱ्यावर काच. केदारला त्या कोण आहेत हे ओळखूही आलं नसेल.

त्या 'कर'मधून पुढे घुमट जन्माला आला.

नळी घालताना डॉक्टरचं तोंड रोग्याच्या तोंडापासून जेमतेम वीतभर अंतरावर असतं. रोगी खोकला की दिसणारी थुंकी खाली पडते, पण तिच्याहून हजारपट बारीक असे तुषार हवेत तासन्‌तास तरंगत राहतात आणि त्यांच्यावर स्वार होऊन जंतू फिरतात. मास्क, चष्मा, पोशाख हे सगळे डॉक्टरला झाकायचे उपाय. वैजयंतीबाईंच्या मनात आलं की डॉक्टरला झाकण्यापेक्षा रोग्याचा श्वासच झाकला तर?

रुग्णालयात यंत्रांची देखभाल करणारा इंजिनियर होता मोहसीन सतारमेकर. त्याच्या घरात सात पिढ्या सतार आणि तानपुरे बनत. वडिलांच्या कारखान्यात छताला टांगलेल्या भोपळ्यांखाली बसून त्यानं पहिला घुमट जोडला. रोग्याच्या डोक्याखांद्यांवर बसणारं पारदर्शक अर्धगोल आवरण, डॉक्टरचे हात आत जायला दोन बाह्या, आणि खाली मऊ गळपट्टी. ती आपोआप फुगून मानेचा आकार घेई. पंखा आतली हवा सतत ओढून गाळणीतून बाहेर सोडी, त्यामुळे आतला दाब बाहेरपेक्षा किंचित कमी राही. हवा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहते. म्हणजे कुठे फट राहिलीच तर बाहेरची हवा आत शिरणार, आतली बाहेर येणार नाही. मात्र फट मोठी असली तर पंखा कमी पडे. म्हणून गळपट्टीत सहा ठिकाणी दाबमापक बसवले होते आणि प्रत्येकाचा एक दिवा होता. सहाही दिवे हिरवे झाले की कुलूप सुटे. कुलूप होतं ते पात्याला. जीभ बाजूला सारून घशात उजेड पाडणारं, टोकाला कॅमेरा असलेलं ते पातं घुमटाच्या आतल्या खोबणीत बंद असे. एरवी या सगळ्याला वीस सेकंद लागत.

"मॅडम, एक चावी ठेवूया," मोहसीन म्हणाला होता. "कुलूप आहे तिथं चावी लागतेच."

"कोणाकडे राहणार ती?"

"समोर उभा असेल त्या डॉक्टरकडे. बाजूची दोन बटणं पाच सेकंद दाबली की दिवे काही म्हणोत, पातं मोकळं."

"मग केदारनं ती पहिल्याच दिवशी दाबली असती."

मोहसीननं हातातला पेचकस खाली ठेवला.

"भित्रा माणूस चावी वापरणार नाही, मोहसीन. आळशी वापरेल आणि जीव ओवाळून टाकणारा वापरेल. ते दुसरे मला मरायला नको आहेत. चावी नाही म्हणजे नाही."

घुमट पसरत गेला. पाच वर्षांत राज्यातल्या सातशे रुग्णालयांत तो बसला. साथ संपली तरी नियम राहिला: तातडीनं नळी घालायची तर घुमटाखालीच, रोग कोणताही असो, कारण कोणाच्या श्वासात काय आहे हे आधी कोणाला कळतं? गळा कापून श्वासाला वाट करायची वेळ आली तरी तेही घुमटाखालीच, सहाही दिवे हिरवे झाल्यावरच. जुनी मोकळी पाती जमा करून भंगारात गेली. वैजयंतीबाई राज्याच्या समितीवर गेल्या. या कामातून लागण होऊन मेलेल्या डॉक्टर-नर्सांचा आकडा समितीच्या प्रत्येक बैठकीत वाचला जाई आणि तो शून्य असे. त्या शून्याकडे पाहून वैजयंतीबाईंना वाटे की केदारचं काहीतरी आपण फेडतोय.

तिसऱ्या वर्षी कोकणातल्या एका डॉक्टरचा फोन आला. बिचारा आभार मानत होता. एका बाईच्या मानेवर गाठ होती, सहा दिवे काही केल्या लागेनात, तेव्हा त्यानं घुमट बसवताना मोहसीननं सांगितलं होतं तशी बाजूची दोन बटणं दाबून धरली आणि बाई वाचली.

वैजयंतीबाईंनी मोहसीनला बोलावून घेतलं.

"तू चावी ठेवलीस?"

"हो, मॅडम."

"माझ्यापासून लपवून?"

"तुम्ही नाही म्हणणार हे माहीत होतं म्हणून."

"किती मशिनांत आहे?"

"सगळ्या."

त्याच दुपारी त्यांनी समितीला पत्र लिहिलं. आठवड्याच्या आत तोवर बसलेल्या सगळ्या घुमटांतून ती चावी पुसली गेली. ती पुसायचं कामही मोहसीनकडूनच करून घेतलं आणि मग त्याचा करार संपवला. ही बातमी कळल्यावर कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सुलोचना सिस्टर त्यांच्या खोलीत आल्या. चौतीस वर्षं नोकरी झालेली बाई, कोणालाही तोंडावर बोलणारी.

"मॅडम, एवढं नको होतं करायला."

"सिस्टर, तो खोटं वागला."

"वागला. पण वाईट वागला नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि ड्यूटीवर निघून गेल्या.

त्यानंतर मोहसीन समोरून आला तर सलाम करून बाजूला होई. पुढे तो दिसेनासाच झाला. वडिलांच्या कारखान्यात परत गेला म्हणे.

सुलोचना ऐवळे निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्या स्वतःच्या पायांनी चालत कॅज्युअल्टीत आल्या. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आल्या होत्या. यशवंतराव ऐवळे एसटीत मेकॅनिक होते, तेही आता घरीच.

"मॅडम, जीभ जड झालीय," त्या हसत म्हणाल्या. "आयुष्यभर बडबड केली, त्याचं फळ."

वैजयंतीबाईही हसल्या, पण मग त्यांनी पाहिलं. सिस्टरचा खालचा ओठ एका बाजूनं सुजला होता आणि आवाज तोंडात घास धरून बोलावं तसा येत होता. दोन आठवड्यांपूर्वी रक्तदाबाची गोळी बदलली होती. ती गोळी लाखो लोक घेतात. हजारात एखाद्याला तिच्यामुळे जीभ आणि घसा आतून सुजतात, आणि नेहमीच्या इंजेक्शनांना ती सूज दाद देत नाही.

"तुम्ही बाहेर बसा, यशवंतराव," वैजयंतीबाई म्हणाल्या. "मी आहे."

इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. दहा मिनिटांत सिस्टरना बोलता येईना. पंधराव्या मिनिटाला लाळ गिळता येईना. त्या पलंगावर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसल्या. आडवं केलं की जीभ मागे पडून श्वास बंद व्हायचा.

"तन्वी, घुमट," वैजयंतीबाई म्हणाल्या.

डॉ. तन्वी खरमाटे तेव्हा भूलशास्त्राच्या शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिनं घुमट ओढून आणला. दोघींनी मिळून बसल्या अवस्थेतच तो सिस्टरच्या डोक्यावर उतरवला. गळपट्टी फुगली. एक, दोन, तीन, चार, पाच दिवे हिरवे झाले. सहावा लाल. डाव्या जबड्याखाली हनुवटी आणि मान सुजून एक झाली होती. त्यात सिस्टर पुढे वाकलेल्या, त्यामुळे पट्टीला टेकायला जागाच मिळत नव्हती.

"पुन्हा लाव."

पट्टीतली हवा काढून पुन्हा भरली. पाच हिरवे. सहावा क्षणभर पिवळा झाला आणि परत लाल.

"सॅच्युरेशन ऐंशी," रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पाहत तन्वी म्हणाली. "मॅडम, हा काढून टाकूया का? सिस्टरना कुठलाच संसर्ग नाहीये."

"काढून काय करशील? पातं आत बंद आहे. आणि संसर्ग नाही हे तुला कोणी सांगितलं?"

हे बोलताना आपण शिकवणीच्या आवाजात बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं. तन्वी त्यांच्याकडे पाहत होती. ज्या बाईनं नियम लिहिला, तो ती कसा पाळते हे पाहत होती.

घुमटाच्या आत सुलोचना सिस्टरनी मान किंचित वर केली. त्यांनी वैजयंतीबाईंच्या डोळ्यांत पाहिलं. गुडघ्यावरचा उजवा हात सोडवून घुमटाच्या कडेपर्यंत आणला, आणि आपल्या गळ्याच्या रोखानं एक बोट आडवं फिरवलं. मग तेच बोट वैजयंतीबाईंकडे केलं.

कापा.

चौतीस वर्षं कॅज्युअल्टीत काढलेल्या बाईला कळलं होतं की वरून नळी जाणार नाही आणि आता गळ्यालाच वाट करावी लागणार.

"एक मिनिट, सिस्टर," वैजयंतीबाई म्हणाल्या. "सील होतंय."

तिसऱ्यांदा पट्टी लावली. सहावा दिवा पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. आता होईल, आता होईल, असं वाटत राहिलं. तो एकदम लाल झाला असता तर कदाचित त्यांनी आधीच हात घातला असता. सॅच्युरेशन साठ. सिस्टरचे हात गुडघ्यांवरून घसरले आणि त्या बाजूला कलल्या.

तेव्हा वैजयंतीबाईंनी घुमट उचलून भिंतीकडे भिरकावला आणि सुरी मागितली. सुजलेल्या मानेत कंठमणी बोटाला लागेना. पहिला छेद चुकला. दुसऱ्या छेदातून नळी आत गेली. हृदय थांबता थांबता पुन्हा सुरू झालं आणि आकडे वर चढले. छाती वरखाली होऊ लागली तेव्हा तन्वी रडत होती, सुटका झाल्यासारखी.

पण मेंदूला फार वेळ हवा मिळाली नव्हती. सुलोचना सिस्टर शुद्धीवर आल्याच नाहीत. नवव्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

चौकशी झाली. घुमटाच्या नोंदीत पहिला प्रयत्न ११ वाजून १९ मिनिटांचा होता आणि घुमट काढल्याची वेळ ११ वाजून २३. सगळं नियमानुसार झालं होतं. उलट शेवटी घुमट काढला तोच नियमभंग, पण परिस्थिती पाहता तो क्षम्य ठरला. वैजयंतीबाईंनी जबाब लिहून दिला. त्यात सगळं होतं. फक्त तो हात नव्हता.

चौकशीनंतर तन्वी राजीनामा घेऊन आली.

"मी तेव्हाच घुमट ओढून काढायला हवा होता," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे बघत राहिले."

"तुझी काही चूक नाही."

"मग कोणाची, मॅडम?"

वैजयंतीबाईंनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ न वाचता धरून ठेवला. "तू बघत होतीस म्हणून मी थांबले," हे त्यांना म्हणायचं होतं. त्यांच्या तोंडून निघालं ते असं, "नीट विचार कर. घाई करू नकोस." तन्वी मान हलवून गेली. महिन्याभरात तिनं भूलशास्त्र सोडलं.

वैजयंतीबाईंनी समितीला लिहिलं की चावी परत द्या. समितीचा सचिव हुशार आणि अदबशीर होता. त्यानं उत्तरात त्यांचंच जुनं पत्र जोडून पाठवलं आणि फोनही केला.

"मॅडम, तुमचा तेव्हाचा युक्तिवाद आजही बिनतोड आहे. आणि या केसमध्ये तरी चावीनं काय फरक पडला असता? तुमच्या जबाबावरून दिसतं की त्या क्षणी सील होण्याची वाट पाहणं हेच योग्य वाटत होतं. समोरच्या डॉक्टरला यंत्रापेक्षा जास्त काही कळलं होतं, असा पुरावा कुठे आहे?"

त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी त्या सतारमेकर गल्लीत गेल्या. मोहसीन जमिनीवर बसून एका तानपुऱ्याच्या दांडीवर कानस फिरवत होता. त्यानं उठून खुर्ची पुसून दिली.

"सिस्टरच्या मातीला आलो होतो, मॅडम. तुम्ही पुढे होतात."

"मोहसीन, ती चावी पुन्हा लिहायला किती वेळ लागेल?"

"अर्धा दिवस. समितीनं मागितली तर." त्यानं कानस खाली ठेवली. "तेव्हा मी भांडायला हवं होतं. तुमच्या शब्दाबाहेर जायचं नाही म्हणून मी स्वतःच्या हातानं पुसली. तो कोकणातला डॉक्टर रोज आठवतो."

"मी तुझं ऐकायला हवं होतं."

"सिस्टर सांगायच्या, मॅडमना वेळ द्या. दर ईदला यायच्या इथं. दोन वर्षं मी वेळच देत होतो." त्यानं पुन्हा कानस उचलली. त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मालगाव रस्त्यावरच्या ऐवळ्यांच्या घरी गेल्या. यशवंतराव एकटेच होते. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि समोरच्या पलंगावर बसले. वैजयंतीबाईंनी पाणी न पिताच सांगायला सुरुवात केली. दिवे, पट्टी, पाच हिरवे, एक लाल. आणि मग तो हात.

यशवंतरावांनी त्यांना मध्येच थांबवलं.

"कसा केला हात? दावा."

वैजयंतीबाईंनी आपल्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि ते त्यांच्याकडे केलं.

यशवंतरावांनी तीच खूण हळूच स्वतः करून पाहिली.

"मला वाटत व्हतं, लई भ्याली असंल. आत काचंत कोंडल्यावानी." ते सावकाश म्हणाले. "म्हंजे भ्याली न्हवती. ड्यूटी करत व्हती."

"हो."

"आन्‌ तुमाला समजलं व्हतं, ती काय म्हनतीया?"

"समजलं होतं."

बाहेर कोणाच्या तरी दारातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. यशवंतरावांनी डोळे पुसले नाहीत, आवाजही चढवला नाही.

"मी चहा प्यायला गेलतो, मॅडम. तुमी म्हनला, मी हाय. मग म्हटलं, आता काय काळजी न्हाई. दोन कप प्यालो."

माफी मागायचे शब्द वैजयंतीबाईंनी रस्त्यात जुळवून आणले होते, ते सगळे या दोन कपांपुढे हलके वाटले.

थोड्या वेळानं यशवंतराव उठले. आतल्या खोलीत जाऊन सिस्टरची जुनी वही घेऊन आले, मागची कोरी पानं उलगडली आणि पेन पुढे केलं.

"ह्ये लिवून द्या. तिनं बरोबर सांगितलं व्हतं, ह्ये कागदावर पायजे."

त्या कागदामुळे पुढे वैजयंतीबाईंची डॉक्टर म्हणून असलेली नोंदणी दोन वर्षं थांबवली गेली, आणि त्याच कागदाच्या आधारावर सव्वा वर्षानं घुमटांना चावी मिळाली. त्या सव्वा वर्षात आणखी कोणाकोणाचा सहावा दिवा लाल राहिला, हे कोणीच मोजलं नाही. हे सगळं नंतरचं. त्या दुपारी वैजयंतीबाईंनी वही मांडीवर घेतली आणि तारीख घातली. लिहिता लिहिता त्यांचं अक्षर तिरकं जाऊ लागलं, तेव्हा यशवंतरावांनी उठून खिडकी उघडली.

"काय लिवलं, वाचा," ते म्हणाले.

"'अकरा वाजून एकवीस मिनिटांनी,'" त्यांनी वाचलं, "'सिस्टर सुलोचना ऐवळे यांनी माझ्याकडे पाहून गळा कापण्याची खूण केली. त्यांचा निर्णय योग्य होता. मला तो समजला होता.'"

"फुडं?"

"पुढे अजून लिहिलं नाही."

"लिवा," यशवंतराव म्हणाले आणि पुन्हा समोर येऊन बसले.